राजाराम बंधाऱ्यासारखे आकडे तारापूरचेही कळू देत

तारापूर अणुवीज केंद्राच्या जुन्या संचांचं (अणुभट्ट्यांचं) आयुष्य वाढवण्यात धोका नाही, हे एका लेखातलं म्हणणं पटलं नाही. पहिले दोन संच १९६९ चे, जपानमधल्या अपघातग्रस्त फुकुशिमासारखेच उकळत्या पाण्याचे, म्हणजे भट्टीतच पाणी उकळून वाफ करणारे. २०२० मध्ये बंद करून त्यांचे पाइप बदलायला घेतले, चांगलंच झालं. पण अणुभट्टीचं मूळ पात्र, ज्यात इंधन असतं, ते तेच राहतं, आणि न्यूट्रॉनच्या माऱ्यानं त्याचं पोलाद वर्षागणिक ठिसूळ होतं. त्यात २०१८ च्या नोव्हेंबरपासून तारापूरच्याच भागात, डहाणू-पालघरकडं, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. कोयनेचा १९६७ चा हादरा आठवणारी माणसं आमच्या कोल्हापुरात अजून आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

माझी बहीण तारापूरजवळ बोईसरला असते. भोंगा वाजला तर घरात थांबायचं की बाहेर पडायचं, किरणोत्सारापासून बचावाच्या आयोडीनच्या गोळ्या कुठं मिळणार, तिला काहीच माहीत नाही. इथं राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे शाळकरी पोरगंसुद्धा सांगतं. चिखली-आंबेवाडी या पुराच्या गावांतली माणसं त्या आकड्यावर जनावरं हलवतात.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०१२ मध्येच अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं होतं. आधी पात्राच्या तपासणीचे अहवाल मराठीत लोकांसमोर ठेवा, बोईसरच्या वस्त्यांत रंगीत तालीम घ्या. मुदतवाढीचं मग बघू.