कर्ज तिकडे, पैसा इकडे

मायदेशातल्या मित्रांशी बोलताना एखाद्या गरीब देशाच्या थकलेल्या कर्जाचा विषय निघाला की निकाल लगेच लागतो: ऋण काढून सण केला, आता फेडा म्हणावं. मीही हेच म्हणायचो. मग नोकरीसाठी लंडनला आलो आणि फेटर लेनवरची रोल्स बिल्डिंग रोजच्या वाटेवर आली. कुठल्याही ऑफिससारखी काचेची इमारत, फायलींच्या चाकवाल्या बॅगा ओढत आत जाणारे वकील. पण हे कोर्ट आहे. कितीतरी देशांच्या कर्जाचे करार इंग्लिश कायद्याखाली होतात, त्यामुळे भांडणंही इथेच येतात.

मोझांबिकचंच घ्या. 2013-14 मध्ये तिथल्या तीन सरकारी कंपन्यांनी ट्यूना मासेमारी आणि किनारा-सुरक्षेच्या नावाखाली सुमारे 200 कोटी डॉलर उचलले. देणाऱ्यांत स्वित्झर्लंडची क्रेडिट स्विस आणि रशियाची व्हीटीबी या बँका. सरकारने हमी दिली, पण संसदेला न विचारता. 2016 मध्ये बिंग फुटलं, मदत देणाऱ्यांनी हात आखडले, चलन कोसळलं. लेखापरीक्षणात 50 कोटी डॉलरचा हिशेबच लागेना, आणि नौका राजधानी मापुतोच्या बंदरात गंजत पडल्या. याच लाचखोरीच्या प्रकरणात माजी अर्थमंत्री मॅन्युएल चँग 2024 मध्ये न्यूयॉर्कला फसवणूक आणि मनी लाँडरिंगच्या कटाबद्दल दोषी ठरले. क्रेडिट स्विसने 20 कोटी डॉलरचं कर्ज सोडलं खरं. दंड मात्र भरला तो अमेरिका आणि ब्रिटनला. भुर्दंड ज्याला बसला, त्याच्या हाती काय?

इथल्या आंदोलकांचं ‘सगळीच कर्जं रद्द करा’ हेही मला पटत नाही. त्यात पैसे नेणारा आरामात सुटतो. कोणतं कर्ज कुणी, कुणाच्या संमतीने घेतलं, हे एकेक तपासायला हवं. इक्वेडोरने 2008 मध्ये तसं केलं, बेकायदा ठरवलेले रोखे फेडायचे थांबवले आणि नंतर त्यातले बहुतेक डॉलरला सुमारे 35 सेंटने परत घेतले.

“म्हणजे सावकाराने बुडवून घ्यायचं?” परवा एका मित्राने विचारलं. हो, काही वेळा. झैरेत, म्हणजे आजच्या काँगोत, हुकूमशहा मोबुटूला दिलेले पैसे परत येणार नाहीत, हे नाणेनिधीने तिथल्या मध्यवर्ती बँकेत धाडलेल्या ब्लुमेंथाल यांनी 1982 मध्येच लिहून ठेवलं होतं. तरी कर्ज मिळतच राहिलं.

आणि तिकडून निघून इथल्या घरांत मुरलेल्या पैशांचं म्हणाल, तर परदेशी कंपनीच्या नावावरच्या घराचा खरा मालक कोण, याची नोंद ब्रिटनने सक्तीची केली ती 2022 मध्ये.