ओपन ॲक्सेसने लेखकाचा हक्क जात नाही, तो जातो न वाचता केलेल्या सहीने

मराठवाड्यातल्या प्राध्यापकांच्या आणि पीएच.डी. करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. ओपन ॲक्सेस, म्हणजे इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या, नियतकालिकात निबंध दिला की लेखकाचा कॉपीराइट संपतो, कोणीही तो स्वतःच्या नावावर छापू शकतो, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, गेला की त्याचे पुस्तक काढता येत नाही, एकदा दिलेला वापराचा परवाना मागे घेता येत नाही, आणि हे टाळायचे असेल तर सगळ्यांत कडक परवाना निवडावा, असा त्याचा आशय आहे. मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हा संदेश मोबाइलवर दाखवून ‘सर, पेपर मागे घेता येईल का?’ असे विचारणारी मंडळी रोज भेटू लागली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा कॉपीराइट संपण्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेला करार लागतो. निबंध सर्वांना मोफत वाचायला खुला केल्याने हा हक्क कोणाकडेही जात नाही. उलट, क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे ठरलेल्या अटींवर सर्वांना वापराची परवानगी देणारा तयार नमुना, कॉपीराइटवरच उभा असतो, कारण ज्याच्याकडे हक्क आहे तोच इतरांना परवानगी देऊ शकतो आणि त्या परवानगीला अटी घालू शकतो. शेत आपल्या नावावर ठेवून शेजाऱ्याला बांधावरून वाट देणे वेगळे आणि खरेदीखत करून देणे वेगळे, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही.

खरेदीखत होते ते दुसरीकडे. बीड जिल्ह्यातल्या एका प्राध्यापक ताईंनी ऊसतोड करणाऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून त्यांवर निबंध लिहिला होता. ज्या नियतकालिकाकडे तो पाठवला, त्याच्या मुखपृष्ठावर ‘ओपन ॲक्सेस’ असे ठळक छापलेले होते; मात्र स्वीकृतीच्या पत्रासोबत आलेल्या एकपानी फॉर्मच्या तिसऱ्या ओळीत ‘सर्व हक्क, जगभरासाठी, कायमस्वरूपी प्रकाशकाकडे हस्तांतरित’ असे होते. ताईंनी सही करून फॉर्म त्याच संध्याकाळी स्कॅन करून पाठवला. दोन वर्षांनी तोच निबंध स्वतःच्या पुस्तकात घ्यायचा म्हटल्यावर प्रकाशकाने परवानगीसाठी पैसे मागितले. ताईंचा राग ओपन ॲक्सेसवर होता. मी त्यांच्यासमोर तो फॉर्म ठेवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले. आपला कायदा अशा करारांबाबत लेखकाची बरीच काळजी घेतो: मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच मानले जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतेच. म्हणूनच ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे दोन शब्द फॉर्ममध्ये आवर्जून घातलेले असतात.

कोणीही स्वतःच्या नावावर छापेल, हा दावा तर सरळ चुकीचा आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांपैकी सीसी बाय हा परवाना अत्यंत मोकळा आहे, तरी मूळ लेखकाचे नाव देणे आणि मजकुरात बदल केले असतील तर तसे नोंदवणे त्यातही बंधनकारक आहे. ही अट मोडणाऱ्याचा परवाना आपोआप संपतो आणि त्याचा वापर कॉपीराइटचा भंग ठरतो. शिवाय कायद्याच्या कलम ५७ नुसार, कॉपीराइट दुसऱ्याला देऊन टाकला तरी, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा लेखकाचा हक्क कायम राहतो.

कडक परवान्याच्या सल्ल्याबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण तो सावधपणाचा वाटतो. व्यावसायिक वापराला आणि बदलांना मनाई करणारा परवाना लावला की निबंधाचे भाषांतर प्रसिद्ध करण्यासाठीही वेगळी परवानगी घ्यावी लागते. भूजलावर इंग्रजीत लिहिलेला निबंध एखाद्या शेतीमासिकाला मराठीत द्यायचा असेल, तर तो ज्यांच्या विहिरींवर लिहिला त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट आपणच अडवलेली असते. दुसरे असे की काही प्रकाशकांच्या करारात हा परवाना वाचकांसाठी असतो आणि व्यावसायिक वापराचा अनन्य हक्क मात्र लेखकाकडून प्रकाशक स्वतःकडे घेतो. अशा वेळी कडक परवान्याने राखण होते ती प्रकाशकाच्या हक्काची.

शोधगंगेबाबत थोडक्यात. तेथील प्रबंधांवर व्यावसायिक वापराला मनाई करणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असतो. ती मनाई इतरांसाठी आहे. हक्क ज्याच्याकडे आहे त्या लेखकाला आपल्या प्रबंधाचे पुस्तक काढण्यापासून ती अडवत नाही. एखादा प्रकाशक ‘प्रबंध इंटरनेटवर आहे’ म्हणून नकार देतो तेव्हा तो त्याचा व्यावसायिक निर्णय असतो, त्यात कायद्याचा संबंध नाही.

संदेशातली एक गोष्ट खरी आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे: क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. पुढे तुम्ही निबंध काढून टाकला, तरी ज्यांनी तो त्या परवान्याखाली घेतला आहे त्यांचा अधिकार टिकतो. त्यामुळे परवाना निवडण्याआधी विचार केलाच पाहिजे, आणि त्या विचाराचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग संदेशात आलेलाच नाही. जे आपले आहे त्यालाच आपण परवाना देऊ शकतो. वेरूळच्या लेण्याचे दुसऱ्याने काढलेले छायाचित्र त्याच्या परवानगीने निबंधात घेतले, तरी आपला परवाना त्या छायाचित्राला लागू होत नाही, आणि तसे चित्राखाली लिहावे लागते.

ताईंनी दुसऱ्या निबंधाच्या वेळी फॉर्ममधली हस्तांतरणाची ओळ खोडून ‘प्रथम प्रकाशनाचा परवाना देत आहे, कॉपीराइट लेखिकेकडे राहील’ असे हाताने लिहिले, आणि संपादकांनी ते हरकत न घेता स्वीकारले. सीसी बाय परवाना त्यांनी फक्त आपल्या विवेचनापुरता दिला. ओव्यांसाठी त्यांनी पुन्हा गावात जाऊन प्रत्येक गाणारीला विचारले, ज्यांनी होकार दिला त्यांची नावे ओवीखाली छापली, आणि ज्या दोघींनी नको म्हटले त्यांच्या ओव्या निबंधातून काढल्या.