चिठ्ठीतल्या प्रश्नाला उत्तर होतं

परवा नागपुरातल्या एका कॉलेजात एलजीबीटीक्यू (समलैंगिक, तृतीयपंथी वगैरे) लोकांचे हक्क आणि स्त्री-पुरुष समानता यावर चर्चासत्र झालं. मंचावर पाच खुर्च्या, पाचही पुरुषांच्या. सूत्रसंचालन, समई, पुष्पगुच्छ, आभार हे सगळं मॅडम लोकांकडे. त्यातल्या दोघींची तर याच विषयात पीएचडी आहे. हॉलमध्ये कुणालाच हे खटकलं नाही, याचा मला जास्त राग आला.

भाषणं अभ्यासपूर्ण होती. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा नालसा निकाल, २०१८ मध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले ते, २०२३ मध्ये कोर्टाने विवाहाच्या हक्काला दिलेला नकार, सगळं आलं. मग प्रश्नांच्या चिठ्ठ्या. एकीवर नाव नव्हतं. "हॉस्टेलमध्ये मला बायल्या म्हणतात. मेसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. तक्रार कुठे करू?" मंचावरून उत्तर आलं, "समाजाची मानसिकता बदलायला वेळ लागतो, धीर धरा." टाळ्या पडल्या.

कशाचा धीर? यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून आहेत. २०१६ च्या दुरुस्तीनुसार लैंगिक कलावरून किंवा ट्रान्स असण्यावरून एखाद्याला छळणं, एकटं पाडणं हेसुद्धा रॅगिंग आहे. विद्यार्थी पहिल्या वर्षाचाच असला पाहिजे असंही नाही. प्रत्येक कॉलेजात अँटी-रॅगिंग समिती असायलाच हवी, शिवाय १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

पोरं तक्रार का करत नाहीत, तेही सांगते. वॉर्डन आधी घरी फोन लावतात. गोंदिया-गडचिरोलीकडून आलेल्या पोरासाठी तो एक फोन म्हणजे शिक्षण बंद, बॅग भरा आणि गावी चला. त्यामुळे त्याच्या परवानगीशिवाय घरी काही कळवणार नाही, ही हमी कॉलेजने लेखी द्यावी.

मंचावरच्या खुर्च्या आणि ही चिठ्ठी हे दोन वेगळे विषय नाहीत. मुलगा बाईसारखा चालतो म्हणून त्याला हिणवतात आणि शिकलेल्या बाईला गुच्छ धरून उभं करतात. दोन्हीकडे बाई असणंच कमीपणाचं धरलेलं आहे.

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचंही रॅगिंगसारखंच, नियम आहेत, पाळतं कोण? यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी, आणि डीन, विभागप्रमुख अशा पदांवरच्यांना तिथे सदस्य होता येत नाही. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी सदस्य हवेत, तेही निवडून आलेले. छळ विद्यार्थिनींप्रमाणे काही मुलांचा आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही होतो, हे याच नियमांत लिहिलेलं आहे. मी पाहिलेल्या कॉलेजांत मात्र विद्यार्थी सदस्यांची नावं ऑफिसात बसून ठरतात. ज्याची तक्रार करायची, त्याच्याच मर्जीतली माणसं समोर बसली तर कोण तोंड उघडेल?

आणि पाहुणे दर वेळी दिल्ली-मुंबईचेच कशाला? एलजीबीटीक्यू लोकांसाठीची सारथी ट्रस्ट ही संस्था इथेच नागपुरात कित्येक वर्षं काम करतेय. त्यांच्या लोकांना बोलवा, मानधनासकट.

आपल्या कॉलेजच्या तक्रार समितीत कोण कोण आहे, विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक शेवटची कधी झाली, हे उद्या ऑफिसात लेखी विचारा. काय उत्तर मिळालं ते इथे लिहा. नाव न घालता मला मेसेज केला तरी चालेल.