खोली क्रमांक १११चं दार

अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबारांवर आज पुन्हा तेच वाचलं. "शिक्षकांच्या हातात पिस्तूल द्या, हल्ले आपोआप थांबतील." खाली टाळ्यांचा पाऊस. संताप झाला, म्हणून हे लिहितेय.

युवाल्डी, टेक्सस. २४ मे २०२२. रॉब एलिमेंटरी शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. हल्लेखोर आत शिरल्यावर तीनच मिनिटांत सशस्त्र पोलीस तिथे पोचले होते. पुढे ३७६ जण जमले, तरी त्याला गाठायला ७७ मिनिटं लागली! बंदुका कमी पडल्या का? प्रशिक्षित पोलीस पहिल्या गोळ्यांनंतर मागे सरले आणि आपण पाढे शिकवणाऱ्या बाईंकडून नेमबाजीची अपेक्षा करतोय. ते पिस्तूल वर्गात ठेवणार कुठे? तिजोरीत ठेवलं तर वेळेवर हातात येणार नाही, पर्समध्ये ठेवलं तर एखाद्या दिवशी मुलाच्या हाती लागेल. आणि बाहेरून धावत आलेल्या पोलिसाला हातात पिस्तूल असलेल्या दोघांपैकी शिक्षक कोण हे कसं कळावं?

सशस्त्र पहारेकऱ्याने हल्ला रोखल्याची उदाहरणं आहेत, मान्य. पण तो नेमका त्याच दाराशी असावा लागतो.

दारावरून आठवलं. त्याच शाळेत हल्लेखोर ज्या वर्गांत होता, त्यांपैकी १११ क्रमांकाच्या खोलीचं कुलूप नीट लागत नव्हतं. हे शाळेत माहीत होतं, पण लेखी तक्रार कोणीच केली नव्हती. किल्ल्या पुरेशा नाहीत म्हणून दारं दगड, लोहचुंबक लावून उघडी ठेवायची सवय पडली होती. त्या दिवशी पोलीस किल्ल्या शोधत राहिले आणि दार बहुधा उघडंच होतं. मला हे विसरता येत नाही.

वर्गाचं कुलूप आतून लावता आलं पाहिजे. किल्ली घेऊन बाहेर व्हरांड्यात जावं लागत असेल तर ते कुलूप निरुपयोगी. बाहेर पडताना मात्र मूठ एकदा दाबली की दार उघडलं पाहिजे, नाहीतर आगीत मुलं अडकतील. म्हणूनच दाराला आडवे लावायचे ते स्वस्त अडसर नकोत. चौकट खचली की कुलपाची जीभ खाचेत बसत नाही. दार बंद दिसतं, पण ओढलं की उघडतं. दाराच्या काचेतून न दिसणारा कोपरा मुलांना लपायला आधीच ठरवून मोकळा ठेवायचा. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये गोळीबार झाला, तेव्हा काही वर्गांत असे कोपरे सामानाने भरलेले होते.

हल्ला झाला तर काय करायचं याचा सराव जरूर घ्या, पण लहानग्यांना आधी सांगून आणि गोळीबाराचे खोटे आवाज न करता. घाबरलेलं मूल काही शिकत नाही हो.

आणि बंदूक येते कुठून? हल्लेखोर शाळकरी असेल तर बहुतेकदा घरातून. मिशिगनच्या ऑक्सफर्ड शाळेत २०२१ साली हल्लेखोर विद्यार्थ्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतलेलं पिस्तूल वापरलं गेलं. त्या सकाळी त्या मुलाने काढलेलं बंदुकीचं चित्र शिक्षिकेने पाहिलं, आईवडिलांना बोलावलं, तरी त्याला घरी नेलं नाही आणि त्याचं दप्तरही कोणी तपासलं नाही. चार मुलं गेली. २०२४ मध्ये आईवडील दोघेही दोषी ठरले. बंदूक कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली मोठ्यांच्या खिशात: एवढंसुद्धा जमत नाही?

शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गाचं दार वीतभर उघडून सोडून द्या. आपोआप बंद होऊन जीभ खाचेत बसते का ते पाहा. मग कुलूप लावून कोणाला तरी बाहेरून ओढायला सांगा. उघडलं तर त्याच दिवशी तक्रार द्या. तोंडी नव्हे, लेखी.