पावरीवाल्याला सात मिनिटं नकोत, महिना द्या

९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक आदिवासी दिन, जवळ आला की नाशिकमध्ये फोन सुरू होतात. "आदिवासी नृत्याचं एखादं पथक मिळेल का? मिरवणुकीत पुढे ठेवायचंय." मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यामुळे माझ्याकडेही विचारणा होते. सुरगाणा-पेठकडून पावरी (भोपळा-बांबूचं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवणारी, नाचणारी माणसं पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून येतात, स्टेजवर सात-आठ मिनिटं मिळतात, शाल, नारळ, फोटो, आणि रात्रीच परत. गाडीभाडं कधी हातात पडतं, कधी "पुढच्या वेळी बघू". मला हे अजिबात पटत नाही. या माणसांना सत्कार भरपूर मिळाले. मिळत नाही तो वेळ, पोटाची चिंता न करता वाजवायला आणि नवं काही करून बघायला.

कॅनडात अल्बर्टा प्रांतात बॅन्फ सेंटर नावाची संस्था आहे, १९३३ सालची. तिथे मूळनिवासी कलाकारांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि त्यांच्या रेसिडेन्सी होतात. संगीतकार काही दिवस तिथेच मुक्कामाला असतो. राहणं, जेवण, सरावाची जागा, ध्वनिमुद्रणाची सोय, सोबत इतर मूळनिवासी कलाकार. आपल्याकडे टाटा स्टीलतर्फे २०१४ पासून जमशेदपूरला 'संवाद' हा आदिवासींचा मेळावा भरतो, त्यातून वेगवेगळ्या जमातींच्या वादकांचा 'रिदम्स ऑफ द अर्थ' हा गट उभा राहिला. म्हणजे हे आपल्या देशातही जमतं.

मग नाशिकला का नाही? २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातला साधारण दर चौथा माणूस आदिवासी आहे. साऱ्या राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या गडकरी चौकात आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, सगळे इथे दोन-तीन तासांच्या अंतरावर. पलीकडे जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याला (हेही भोपळ्याचं फुंकवाद्य) संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाच्या पोस्टी टाकल्या. त्यांच्यासारखं वाजवू पाहणाऱ्या पोराला महिनाभर शिकायला बसायचं असेल, तर त्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे वेळ का हवा ते कळेल. थाळगान ऐकलंय का कधी? काशाच्या थाळीत मधोमध मेणाचा गोळा चिकटवतात, त्यात वाळकी काडी उभी करतात आणि बोटांच्या चिमटीतून ती काडी वरून खाली ओढत राहतात. थाळी घुमायला लागते. त्या एका घुमाऱ्यावर रात्र रात्र कथा चालते, धान्यदेवता कणसरीची, डोंगरदेवांची. एका कामासाठी असंच एक बाबा स्टुडिओत आले होते. काम देणाऱ्यांना हवी होती तीन मिनिटांची क्लिप. बाबांचा सूर लागायलाच पंधरा मिनिटं गेली आणि पुढे ते थांबेचनात. काचेपलीकडून हातवारे सुरू झाले. बाबा एवढंच म्हणाले, "कथा अशी मधी तोडता येत नाय, दादा." क्लिप कापली गेली. ती कापणारा हात माझाच होता, काम तेच होतं. पण त्या कथेला जिथे जागा असेल अशी एकही खोली या शहरात नाही, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पावरीचंही तेच. भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण. प्रत्येक पावरीचा स्वर तिच्या भोपळ्यावर आणि नळीवर ठरतो. फ्युजनवाले येतात आणि म्हणतात, "काळी दोनच्या पट्टीत नाही का वाजणार?" नाही वाजणार. तुमचा कीबोर्ड तिच्याकडे सरकवा, दोन बटणांचं काम आहे. पण त्यासाठी दोघांनी आठ-पंधरा दिवस एकमेकांसोबत बसावं लागतं. तालमीविना स्टेजवर भेटून ते होत नाही.

आता अडचणीचा भाग. अशी संधी निघालीच, तर अर्ज इंग्रजीत, वर "कलाविषयक निवेदन" आणि व्हिडिओच्या लिंका मागतील, आणि मग पुण्या-मुंबईचीच मुलं निवडली जातील. अर्ज बोलून घ्या, फोनवर, त्यांच्या बोलीत. निवड करणाऱ्यांत आदिवासी जाणकार बसवा. तारखा त्यांना विचारून ठरवा. पावसाळ्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, मग भात-नागलीची कापणी, आणि निम्मा पेठ-सुरगाणा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीपासून काढणीपर्यंत उक्त्या कामाला असतो. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव; तेव्हा पावरीवाला गाव सोडून तुमच्याकडे येणारच नाही, आणि येऊही नये. मजुरी बुडेल तेवढी तरी रोजच्या रोज द्यायलाच हवी, वर मानधन वेगळं. आणि काय वाजवायचं नाही हेही तोच ठरवेल. काही गाणी देवापुढचीच असतात. ती मागायची नाहीत.

राहिला हक्काचा मुद्दा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन वादक-गायकांना त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. हा हक्क ५० वर्षं टिकतो. पाड्यावर हे कुणी सांगितलंय? मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, खाली बीट टाकायचा, रील व्हायरल करायची आणि नाव द्यायचं "ट्रायबल फ्लूट". हे थांबायला हवं. रेसिडेन्सीचा करार मराठीत, चार ओळींत, वाचून दाखवून. मूळ रेकॉर्डिंगची प्रत कलाकाराकडे.

सरकारनं करावं असं मला वाटतंच, आयुक्तालयाकडे तसं पत्रही देणार आहे. पण तोवर थांबायची गरज नाही. पहिल्या वेळी दोनच कलाकार, तीन आठवडे. ध्वनिमुद्रण माझ्याकडे, विनामूल्य. गंगापूर रोड, त्र्यंबक रोड किंवा दिंडोरीच्या बाजूला कुणाची दोन खोल्यांची जागा रिकामी असेल, जिथे रात्री उशिरापर्यंत वाजवलं तर शेजारी तक्रार करणार नाहीत, तर मला मेसेज करा. मजुरीच्या रकमेसाठी दरमहा थोडी थोडी भर घालणारी पंचवीस-तीस माणसंही हवी आहेत. आणि पेठ, सुरगाणा, कळवण, हरसूलकडच्या मित्रांनो, तुमच्या भागात कोण वाजवतं, त्यांना कोणते दिवस सोयीचे पडतील, हे आधी त्यांनाच विचारून कळवा.