फादर नसले की चर्च बंद, हे कोणी सांगितलं?

"कॅथलिक धर्म म्हणजे फादरांचा धर्म. त्यांच्याशिवाय एकही संस्कार होत नाही, लोकांनी मत मांडायचं नाही, आणि प्रापंचिकांना हल्ली जी कामं देतात ती फादर कमी पडतात म्हणून." (प्रापंचिक म्हणजे फादर-सिस्टर नसलेले साधे भाविक.) असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. मेळघाट-चंद्रपूरकडच्या आपल्या लहान ख्रिस्ती वस्त्यांमध्ये काहींना तो खराही वाटतो, म्हणून हे उत्तर.

मिस्साबलिदान (चर्चमधली मुख्य उपासना) आणि पापांची क्षमा ही कामं धर्मगुरूंचीच, त्यात वाद नाही. पण बाप्तिस्मा? लॅटिन परंपरेच्या, म्हणजे बहुतेक कॅथलिक ज्या परंपरेत येतात तिच्या, १९८३ च्या धर्मसंहितेतला ८६१ वा नियम म्हणतो की गरजेच्या वेळी योग्य हेतूने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नाल्याला पूर आहे, दवाखाना दूर आहे, बाळ वाचेल असं दिसत नाही. अशा वेळी सुईणीनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतून "पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते" म्हटलं, की तो बाप्तिस्मा पूर्ण झाला. ती स्वतः ख्रिस्ती नसली तरीही. बाळ जगलं तर पुन्हा द्यावा लागत नाही. लग्नाचा संस्कारही वधूवरच एकमेकांना देतात. (चांदा धर्मप्रांत, म्हणजे चंद्रपूरकडच्या बिशपांचा प्रदेश, सिरो-मलबार या पौर्वात्य कॅथलिक परंपरेचा, त्याची संहिता वेगळी, तिथे लग्नाला एरवी धर्मगुरूंचा आशीर्वाद लागतो.)

मत मांडण्याबद्दल त्याच लॅटिन संहितेतला २१२ वा नियम वाचा. चर्चच्या हिताविषयी आपलं म्हणणं धर्मगुरूंना कळवणं हा भाविकांचा हक्क आहे, कधी कधी कर्तव्यही. प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत) अर्थसमिती असलीच पाहिजे, आणि भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना दिला पाहिजे. समितीचा अधिकार सल्ल्यापुरता आहे, हे खरं. पण सल्ला द्यायलाच कोणी गेलं नाही, तर दोष नियमाचा कसा?

फादर कमी पडतात म्हणून प्रापंचिकांना कामं देतात, हा तिसरा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. कोरियात धर्मसभा (चर्च) उभी केली ती प्रापंचिकांनी. यी सुंग-हुन १७८४ मध्ये बीजिंगला बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्यानं इतरांना दिला; तिथे धर्मगुरू काम करू लागले ते थेट १७९५ मध्ये. जपानमध्ये छळामुळे दोनशेहून अधिक वर्षं धर्मगुरू नव्हते, तरी १८६५ मध्ये नागासाकीला श्रद्धा जपलेली कुटुंबं पुढे आली. आपल्याच देशातले देवसहायम पिल्ले प्रापंचिक होते. २०२२ मध्ये ते संत घोषित झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेनं, १९६५ मध्ये लिहूनच ठेवलं, की प्रापंचिकांना श्रद्धा जपण्याचं आणि पसरवण्याचं हे काम ख्रिस्ताशी असलेल्या ऐक्यातून, बाप्तिस्म्यातून मिळतं. फादर भरपूर असते तरी ते आपलंच राहिलं असतं.

कापूस वेचून वावरातून आल्यावर पोरांना प्रार्थना शिकवणारी बाई हेच काम करते. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला रीतसर स्थान दिलं, स्त्री-पुरुष दोघांसाठी. आपल्या धर्मप्रांतात ती कोणाला देणार, हे बिशपांना विचारायचा हक्क त्याच २१२ व्या नियमानं आपल्याला दिला आहे.