जीव गेला, मग हेतूचं काय विचारता? : ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

अशोक चौकातून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माणूस मरेल हे ठाऊक असून कुणी ते कृत्य करतो, तर तोच त्याचा हेतू. हेतू आणि जाणीव वेगळे काढणं ही वकिलांची पळवाट आहे.

आधी माझी चूक. "मारण्याचा हेतू नसेल तर खून होत नाही" असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, ते चुकीचं आहे. सर्वोच्च न्यायालयातल्या १९५८ च्या विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता. तिथे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी (पूर्वी ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते) प्रश्नच बदलला. समोरचा मरावा असं वाटत होतं का, हे विचारू नका. हीच जखम करायची होती का, ते पाहा. ती ठरवून केलेली असेल आणि तशी जखम एरवी जीव घ्यायला पुरेशी असेल, तर खून. पुरेशी आहे हे मारणाऱ्याला कळत होतं का, याला महत्त्व नाही.

आता जाणीव. रानडुकरं ज्वारी लोळवतात म्हणून एखादा शेतकरी रात्री कुंपणाच्या तारेत वीज सोडतो असं धरा. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी शॉक लागून जातो. या बांधावरून माणसं जातात, हे शेतकऱ्याला माहीत होतं. पण शेजारी सुखरूप घरी पोचला असता, तर शेतकऱ्याचं काही बिघडलं असतं का? उलट त्यानं देवाचे आभार मानले असते. भालेवाल्याचा वार हुकला असता, तर मात्र त्याचं काम फसलं असतं. ताई, हा फरक वकिलांनी रचलेला नाही. तो त्या दोघांच्या मनात आहे.

आणि जाणीव म्हणजे सुटका, असंही नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत कुणी विनाकारण गोळी झाडली आणि त्यात कुणी मेलं, तर अमुक एकाला मारायचं नव्हतं म्हणून तो वाचत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ प्रमाणे तो खूनच. त्याहून कमी धोक्याची, पण जीव जाण्याचा संभव आहे एवढी जाणीव असेल, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. त्याला कलम १०५ चा दुसरा भाग: १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच कलमात हेतू असेल तिथे शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

एका ठिकाणी मात्र तुमचा राग मला पूर्ण पटतो. १९६३ मध्ये बिहारचा एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. संडासाकडे जाणाऱ्या वाटेत घरमालकानं उघड्या तारेत वीज सोडली आणि शेजारची बाई गेली. दोषी ठरला तो हयगयीखाली, जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमानं, ज्यात तेव्हा जास्तीत जास्त शिक्षा २ वर्षं होती. आज न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती ५ वर्षांपर्यंत आहे. पण माझ्या मते ती हयगय नव्हतीच. कुणी येऊ नये म्हणूनच ज्यानं तार लावली, त्याला कुणीतरी येणार हे ठाऊक होतं.